साहेबांचा उष्टा पेला

मुलाखतीत साहेबांनी मला खाजगी म्हणावा असा एकच प्रश्न विचारला होता. "जेवणात काही चालत नाही, असं आहे का?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "सर, मी कोकणातला. मला सगळं चालतं."

नंतरच्या सहा महिन्यांत जे काही भोगलं ते या एका वाक्यामुळे. दोष द्यायला दुसरं माणूस शोधून पाहिलं, सापडलं नाही.

साहेब कोरियन. त्यांच्या कंपनीचे आठ कोरियन इंजिनियर बहारीनमध्ये कामाला होते आणि मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प बसायचे. त्यांना बोलतं करायला मला आणलं होतं. चिपळूणच्या कॉलेजात पंधरा वर्षं इंग्रजी शिकवून झालेलं, त्यामुळे जगात कुठेही शिकवू असा माज अंगात होता. करार सहा महिन्यांचा. पुढे वर्षभराचं पत्र द्यायचं की नाही हे साहेब ठरवणार होते. ते पत्र मिळालं तरच बायको आणि मुलीचा फॅमिली व्हिसा होणार होता. बायकोने तर मला न विचारता शाळेतल्या नोकरीचा राजीनामाही देऊन टाकला होता. "तू इतकी वर्षं शिकवतोयस, तुला कोण काढणार?" हा तिचा भाबडेपणा.

वर्ग माहूज भागातल्या कंपनीच्या व्हिलात, मेसच्या जेवणाच्या खोलीतच भरायचा. दारात बूट काढायचे. बहारीनच्या उन्हात साइटवर अर्धा दिवस काढलेले मोजे खोलीत आधी येत, मग माणसं. कोपऱ्यात आंबवलेल्या कोबीचा स्वतंत्र फ्रिज होता. कुणी तो उघडला की मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहायला लागायचो. एकदा नुसत्या आडव्या रेघा मारल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दात घासणं. जेवण झालं की अख्खं ऑफिस तोंडात ब्रश घेऊन फिरायचं. एक जण फेसाळ तोंडाने मला "गुड आफ्टरनून" म्हणाला तेव्हा त्याचा एक थेंब माझ्या हजेरीपटावर पडला. मी तो पुसला नाही. पान फाडलं.

त्यात मी स्वतः घाण केली ती वेगळीच. संभाषणाच्या सरावात सर्वांत लहान इंजिनियरला मी साहेबांना नुसत्या नावाने हाक मारायला लावली. साहेब समोरच बसले होते. "इंग्रजीत सगळे सारखे," असं वर तत्त्वज्ञान ऐकवलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्यांच्यात वरिष्ठांना नावाने हाक मारतच नाहीत, हुद्द्याने मारतात, हे मला नंतर आचाऱ्याने सांगितलं.

आचारी आपला, कणकवलीकडचा. बारा वर्षं बहारीनमध्ये, त्यातली आठ याच मेसवर. मी नाक मुरडलं की त्याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

"मास्तरांनू, सगळा खातंय म्हणान सांगलात मां? आता खावा."

"अरे, पण वास बघ!"

"आणि आमच्या सुक्या बांगड्याक काय अत्तर लावतत? माझ्या खोलीच्या वरच्या माळ्यावरच्यांनी दोनदा तक्रार केल्यानी हा माझी."

सहा महिने संपत आले तसं साहेबांनी मला शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. सुट्टीचा दिवस, सगळे हजर. पत्र तयार होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ते साहेबांच्या मागच्या कपाटावर ठेवलेलं मला दिसत होतं. जेवण झाल्यावर सही, असं आचाऱ्याच्या कानावर आलं होतं. त्याने मला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, "साहेबान चमचो उचलल्याशिवाय हात लावू नका. आणि काय दिल्यान तर दोनी हातांनी घेवा. आज वायच नीट वागा."

टेबलाच्या मधोमध गॅसच्या छोट्या शेगडीवर एक मोठं भांडं रटरटत होतं. लाल रस्सा, त्यात मासा, मुळा, पातीचा कांदा. दिसायला तर झकास. मी आपला वाढायचा डाव शोधत होतो. डाव नव्हता. साहेबांनी स्वतःचा चमचा भांड्यात घातला, तोंडात घातला, आणि तोच पुन्हा भांड्यात घातला. मग नऊच्या नऊ चमचे सुरू झाले. आत, तोंडात, आत, तोंडात. लहानपणी मी बहिणीच्या ताटातली भजी उचलली तर आई हातावर चापट मारायची: "उष्टं आहे ते!" इथे नऊ जणांचं उष्टं एकत्र उकळत होतं. मी वाटीतला कोरडा भात तोंडात कोंबला आणि फोल्डरकडे बघत राहिलो.

साहेबांना वाटलं मी लाजतोय. त्यांनी आपल्या पेल्यातली दारू एका घोटात संपवली, रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि भरला. मोठ्या माणसाने स्वतःचा पेला देणं हा मान, एवढं एव्हाना मला ठाऊक होतं. दोन्ही हातांनी घेतला. काठावर तेलाचा ओठ उमटला होता. त्याच्याखाली पातीची हिरवी चिंधी.

नाही म्हणणं शक्य नव्हतं. ओठ लावणं त्याहून अशक्य. आणि तेवढ्यात मला माझ्या मते भन्नाट युक्ती सुचली. आपण तांब्यातलं पाणी पितो तसं वरून प्यायचं! मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि धार सोडली.

तोंडात भात होता, हे मी विसरलो होतो.

दारू गेली श्वासनलिकेत. जे झालं त्याला ठसका म्हणणं म्हणजे सभ्यपणा. दारू नाकातून आली, भात तोंडातून आला, आणि सगळं समोरच्या भांड्यात गेलं. डोळे पुसून पाहिलं तर लाल रश्श्यावर चार पांढरी शितं गोल गोल फिरत होती. ती कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून आचाऱ्याचा आवाज आला, "खलास."

मी बायकोचा राजीनामा डोळ्यांसमोर आणला. तो परत घेता येतो का, याचा विचार सुरू केला.

साहेबांनी भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चमचा उचलला, भांड्यात घातला आणि एक घोट घेतला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मग त्यांच्या खालच्याने घेतला, मग त्याच्या खालच्याने. हुद्द्याप्रमाणे उतरत उतरत पाळी त्या लहान इंजिनियरवर आली. त्याने डोळे मिटले. त्याच्या चमच्यात शीत होतं. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. गिळताना त्याच्या गळ्याची गाठ दोनदा वरखाली झाली. आणि मला पहिल्यांदा कळलं, की किळस फक्त मलाच येते असं नाही. ती लपवायची कशी, हे फक्त मला ठाऊक नव्हतं.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चमचा भांड्यात घातला. रस्सा गरम होता, तिखट होता, आणि खरं सांगायचं तर चांगला होता. तरी दर घोटाला अंगावर काटा येत होता. तीन घोट घेतले.

साहेबांनी हात पुसून सही केली. एक वर्ष.

भांडी आवरताना मी आचाऱ्याला विचारलं, "त्यांनी ते का खाल्लं रे?"

"तुमका बोलावल्यान कोणी? तेनीच मां? पावण्याची फजिती झाली तर ती तेंची." मग भांडं माझ्या नाकाखाली धरून म्हणाला, "तळाक उरलाहा. डब्यात घालून देव काय?"

मी बाथरूमकडे पळालो. मिठाच्या पाण्याने गुळण्या करत असतानाच बायकोचा फोन आला.

"सही झाली?"

"हंऽऽ," मी तोंड भरलेलं असताना म्हणालो.

"देव पावला! ऐक, त्या साहेबांचे आभार मानायला हवेत. आम्ही आलो की सगळ्यांना घरी जेवायला बोलावू. मी रस्सा करीन."

मी गुळणी टाकली, पाणी घेतलं, आणि पुन्हा तोंड भरलं.