परक्या मातीचा धूर

कार्तिकातल्या उतरत्या उन्हात पपईच्या पानांची सावली खाटेवर पसरली होती आणि हातातल्या पेल्यातून ओल्या राखेचा, खाऱ्या वाऱ्याचा, दवाखान्यातल्या टिंक्चरचा असा एकवटलेला गंध वर येत होता. ब्राह्मणपुरीच्या मळ्यात माझा चुलतभाऊ प्रकाशदादा, स्कॉटलंडहून सुट्टीवर आलेला, सिंगल मॉल्ट व्हिस्कीची बाटली मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरून बसला होता.

"दम धर. आधी वास ले, मंग घोट. तठे दलदलनी माती कापतस, वाळाडतस, जाळतस. तिना धूरवर जव सुकाडतस. हाऊ मातीना धूर शे, भाऊ." मग मिशीत हसून, "पत्रकमा लिखशी का आते मन्हं नाव?"

दारूविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी. पहिल्या वाक्यात गुन्हेगार, दुसऱ्यात मागणी, एवढंच लिहायला शिकलो. पण खोटं कशाला सांगू? पहिल्या घोटाला जिभेवर नुसती काजळी बसली. दादानं दोन थेंब पाणी सोडलं, तसा काजळीआडून मध उमलला, भाजल्या धान्याची गोडी आली, आणि घोट उतरून गेल्यावरही तो धूर ओल्या लाकडांच्या चुलीसारखा टाळूशी रेंगाळत राहिला. सुंदर होतं ते. सुंदर होतं म्हणूनच संताप आला. या धुराला काचेचा पेला, मान, जाणकारांची मिटलेली पापणी. आणि डोंगरात, मोलगीच्या वरच्या आदिवासी पाड्यावरच्या धुराला पोलिसांची काठी!

तिथल्या डेडीबाईनं नवऱ्याच्या शेवटच्या विधीसाठी मोहाची दारू गाळून मडक्यात झाकून ठेवली होती. आपल्या झाडाचा मोह, आपल्या चुलीचा धूर. पितरांच्या नावानं तिची धार मातीत पडेपर्यंत गेलेला माणूस उंबऱ्याबाहेरच ताटकळतो, असं ती मानते. चैत्रात माझ्या पत्रकावरून धाडीची गाडी आली, मीही तिच्यात होतो. रस्त्यावरची परवान्याची दुकानं उघडीच राहिली. पाड्यावरची मडकी फुटली, आणि डेडीबाईच्या कोपऱ्यातल्या मडक्याकडे बोट मी दाखवलं होतं. मला वाटलं, विकायचं आहे. विचारलं नाही. पत्रकात प्रश्नचिन्ह नसतं ना!

दुसऱ्या घोटाआधी माझा पेला आपोआप कलला आणि चार थेंब मातीत पडले. पाड्यावर पाहून पाहून हाताला लागलेली सवय.

"ओ येड्या! इतल्या दूरथून आनी, आन तू मातीमा वती ऱ्हायना?"

मी उरलेली बाटली मागितली. त्यानं बूच लावून ती दिली.

मोलगीपर्यंत जीप, पुढे चढण. वाटेभर सुकल्या गवताचा तांबूस उजेड होता आणि पिशवीत ती बाटली. धुराला धूर चालेल, अशी एक वेडी आशा मी घाटभर वाहून नेली. डेडीबाई दारातच बसली होती. मी घडलं ते सांगितलं, बोट कोणाचं होतं तेही. भावानं परदेशातून आणली आहे म्हणत बाटली तिच्यापुढे ठेवली. बूच काढून तिनं डोळे मिटून वास घेतला, अगदी दादासारखा, सावकाश, आणि बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"धूर चांगला हाय," माझ्यासाठी ती बाजारातल्या मोडक्या मराठीत बोलते. "पण आपल्या मातीचा नाय. म्हातारा याला वळखंल कसा? तू ने. तुझ्या भावाचा जीव असंल त्याच्यात."

पुढच्या चैत्रात मोह पुन्हा गळेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण वेचायला रानात जाणं तिला आता जमत नाही, आणि गाळायला चूल पेटवण्याची छाती पाड्यात कोणाची उरलेली नाही. ती छाती माझ्या पत्रकांनीच काढून घेतली. मी बाटली परत पिशवीत ठेवली.

निघताना आत नजर गेली. जमीन नुकतीच शेणानं सारवलेली होती, ओला हिरवट वास अजून घरभर होता. कोपऱ्यात मडक्याच्या बुडाएवढी गोल जागा तेवढी कोरडी होती. सारवताना ती अजूनही तिला वळसा घालते. हे काय, असं विचारायला माझा हात उचलला गेला, आणि बोट पुढे होण्याआधीच मी मूठ मिटली.