कंडा बांधलेली गाडी

सुब्राव कुठल्याही गाडीत बसायच्या आधी तिचं दार दोनदा लावून बघतो. एकदा जोरात, एकदा हळू. जोरात कसलंही दार लागतंय. हळू लावल्यावर जे मुकाट जाग्यावर बसतंय, ती गाडी कुणीतरी मन घालून केलेली, असं त्याचं म्हणणं. हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. आमच्या हलकर्णीतनं विसाव्या वर्षी तो बेंगळुरात आला, पीण्यातल्या एका कारखान्यात चिकटला आणि पुढची सव्वीस वर्षं गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासत बसला. चार-पाच कंपन्यांचा माल तिथं व्हायचा. कुठली कंपनी जाड पत्रा मागते आणि कुठली दरसाल केसभर पातळ करायला सांगते, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक.

त्यातली एक टोरवेन. नाव कुणी ऐकलेलं नाही. तिचा तपासनीस यायचा आणि शंभरातली एक बिजागरी डुगडुगली तरी सगळी पेटी परत पाठवायचा. कारखान्यातली माणसं त्याच्या नावानं शिव्या हासडायची. सुब्राव त्याला चहा पाजायचा.

सहा वर्षांमागं टोरवेननं मारतहळ्ळीच्या पुलाजवळ शोरूम काढली, तसा सुब्राव पीण्या सोडून तिथं गाड्या विकायला गेला. त्याची बायको शारदा तेव्हाच म्हणाली होती, "बिजागऱ्या बघणाऱ्या माणसानं बिजागऱ्या बघाव्यात. तुमास्नी गोड बोलाय कुठं येतंय?"

"गोड कशाला बोलाय पायजे? वस्तू चांगली हाय. लोक काय आंधळी हाईत?"

लोक आंधळी नव्हती. येत होती, बसत होती, चालवून बघत होती. उतरताना तोंडभरून चांगलं बोलत होती. मग बाहेर जाऊन फोन लावत होती. कुणी पुण्याच्या मामाला, कुणी अपार्टमेंटच्या ग्रुपला. एकानं तर गेटवरच्या वॉचमनला विचारलं. सगळीकडनं एकच उत्तर यायचं. हे नाव कधी ऐकलं नाही बुवा, उद्या विकायची झाली तर घेणार कोण? मग ते गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या शोरूममध्ये जायचं. ती सगळ्या जगाला ठाऊक असलेली कंपनी. तिची गाडी मिळायला आठ-आठ महिने लागतात आणि लोक ते आठ महिने आनंदानं थांबतात, जत्रेत देवाच्या रांगेत उभं राहावं तसं.

"लोक गाडी बघून गाडी घेत न्हाईत गा," सुब्राव मला एकदा म्हणाला. "रस्ता बघून घेत्यात. आमची रस्त्यावर दिसत न्हाई म्हणून घेत न्हाईत, आणि घेत न्हाईत म्हणून दिसत न्हाई. आता ह्यात कुठनं शिरायचं सांग."



गेल्या जुलैत शोरूमचा मॅनेजर रविकिरण त्याला आत बोलावून म्हणाला, "सुब्बण्णा, वरनं पत्र आलंय. आयुधपूजेला इथनं एक तरी गाडी गेली पाहिजे. नाहीतर शटर." आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, तिकडं त्या दिवशी नवी गाडी दारात आणायची रीत.

"एक?"

"एकच. चार महिने झाले, एक पण नाही गेली. आधी गेल्या त्या पण सगळ्या बाहेरगावी. त्यांना वाटतंय आपण झोपतोय."

सुब्राव बावन्नाचा. पीण्यात आता बिजागऱ्या तपासायला यंत्रं बसलीत, परत जायला वाट नाही. त्यानं रात्रंदिवस तेच घोळवलं आणि एक नामी गोष्ट काढली. शोरूममध्ये लोकांना चालवायला द्यायची एक निळी गाडी होती. ती नुसती उभीच. "सर, ही गाडी मी रोज फिरवतो," तो रविकिरणला म्हणाला. "गिऱ्हाईक आलं की फोन करा, धा मिनिटात हजर."

"फिरवून काय होणार, अण्णा?"

"दिसंल की."

रविकिरण हसला. "सरी, ठीक आहे, फिरव."

मग रोज सकाळी साडेआठला ती निळी गाडी आयटीवाल्यांच्या मोठ्या गेटसमोरनं जायची. नऊला दर्शिनीपुढं, म्हणजे उभ्यानं इडली खायच्या हॉटेलापुढं, उभी. दहाला एका अपार्टमेंटच्या दारात, अकराला दुसऱ्या. संध्याकाळी माणसं सुटायच्या वेळेला पुन्हा गेटसमोर, कधी या बाजूनं, कधी त्या. तीन महिने एकटी गाडी दहा गाड्यांचं सोंग करत हिंडली. सुब्राव तोंडानं एका शब्दानं खोटं बोलला नाही. जे काही बोलला ते चाकांनी.

पण एक गोष्ट त्यानं सुरुवातीलाच करून ठेवली होती. आमच्याकडं बैलाच्या गळ्यात काळ्या लोकरीचा कंडा बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. मधे लाल गोंडा. गाडी रोज चारचौघांत जाणार, चांगल्या जनावराला आधी दृष्ट लागते, म्हणून त्यानं गावाकडनं कंडा मागवला आणि गाडीच्या पुढच्या जाळीला बांधला. दृष्ट लागायला आधी कुणीतरी बघायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि कुणी बघितलंच तर काय बघेल, हे तर नाहीच नाही.

आयुधपूजेला चार दिवस असताना शंतनू आणि शाल्मली शोरूममध्ये आले. दोघंही पुण्याचे, तीन वर्षांपूर्वी नोकरीला इकडं आलेले. सुब्रावचं मराठी ऐकून शंतनू खूश झाला.

"काका, तुम्ही मराठी? भारीच! ही गाडी हल्ली खूप दिसते हो आमच्याकडे. ऑफिससमोर, घरासमोर. म्हटलं, लोक घेतायत म्हणजे काहीतरी असणार."

सुब्रावनं गाडीचं दार उघडलं. "बसून तर बघा, साहेब."

बाहेरच्या गाडीचं नावही त्यानं काढलं नाही. आतली, लाल पट्टा बांधलेली गाडी दाखवली. शाल्मलीला दार हळू लावायला सांगितलं. दार बसलं. आवाज असा झाला की नसल्यासारखा.

"अय्या, परत!" ती म्हणाली आणि तिनं ते चार वेळा लावलं. सुब्रावनं तिला बिजागरीची सगळी कथा सांगितली. तो तपासनीस, ती परत गेलेली पेटी, सगळं. सहा वर्षांत इतकं लांब ऐकून घेणारं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं.

"घेऊया रे हीच," ती म्हणाली.

"एकदा चालवतो आणि फॉर्म भरतो. काका, आयुधपूजेला मिळेल ना?"

"मिळंल म्हंजे? हार घालून दारात आणून देतो."

रविकिरणनं पेढ्याचा बॉक्स काढायला सांगितलं. सुब्रावनं चावी घेतली आणि तिघं बाहेर आली. तिथं निळी गाडी उभी होती, जाळीला कंडा.

शाल्मली थबकली. "शंतनू, ही तीच ना रे? गेटसमोरची?"

"अगं, निळ्या खूप आहेत."

"पण हे काळं बघ ना पुढचं."

शंतनूनं मोबाईल काढला. पुण्याला वडलांना पटवायला त्यानं रस्त्यात दिसलेल्या गाड्यांचे फोटो काढून ठेवले होते. दर्शिनीसमोरची, ऑफिसच्या गेटवरची, त्यांच्या सोसायटीजवळची, अजून दोन. एकेक फोटो त्यानं मोठा करून बघितला. पाचही फोटोंत काळा कंडा, लाल गोंडा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब चुकल्यावर माणूस ओशाळतो, तसा तो ओशाळला होता.

"काका, खरं सांगा. या भागात अशा किती गाड्या आहेत?"

सुब्रावला आकडा फुगवून सांगता आलं असतं. समोरच्या शोरूममधल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं.

"ही एक," तो म्हणाला.

"म्हणजे कुणी घेतच नाहीये."

"गाडी तुमी बघितलासा न्हवं? दार बघितलासा. इंजान बघा, खालचा पत्रा बघा. ह्यात खोट कुठं हाय, ते दावा."

"गाडी चांगलीच आहे हो. प्रश्न तो नाहीये."

"मग घ्या की. तुमी घेतलासा की दोन हुतील. तुमची बघून तिसरा घेईल."

शंतनूनं मोबाईल खिशात ठेवला. "पहिलं आपण कशाला व्हायचं, काका?"

शाल्मली काहीतरी बोलायला गेली. तो म्हणाला, "बाबा ओरडतील." एवढ्यावर ते संपलं. दोघं रस्ता ओलांडून गेले. या वर्षीच्या आयुधपूजेला त्यांच्या दारात गाडी नसणार होती, आठ महिन्यांनी येणार होती, तरी गेले.

रविकिरण सगळं दारातनं बघत होता. "ते काळं काय ते काढायचं स्वल्प आधी सुचलं असतं, अण्णा," एवढंच तो म्हणाला आणि पेढ्याचा बॉक्स आत घेऊन गेला.

आयुधपूजा झाली. समोर तीस गाड्यांच्या चाकांखाली लिंबं चिरडली, कोहळे फुटले, रस्ता कुंकवानं लाल झाला. इकडं सुब्रावनं एका निळ्या गाडीपुढं एक कोहळा फोडला. तिसऱ्या दिवशी मोठा ट्रक येऊन उरलेल्या गाड्या घेऊन गेला. निळी चढवायच्या आधी त्यानं कंडा सोडून घेतला.

शारदा म्हणाली, "आता तो कुणाच्या गळ्यात बांधणार? गावाकडं बैल तरी कुठं ऱ्हायल्यात. टाका जावा."

त्यानं टाकला.

रविकिरणला समोरच्या शोरूममध्ये लगेच जागा मिळाली. महिन्याभरानं त्यानं सुब्रावलाही तिथं लावून घेतलं. विकायला नव्हे, मागच्या आवारात गाड्या धुऊन-पुसून पुढं आणायला. "इथं बोलायला लागतच नाही अण्णा, लोक आपणहून येतात," तो म्हणाला. हे खरंच होतं. रोज सुब्राव पंधरा-वीस गाड्या पुसतो. दारं आतनं पुसताना बिजागरीवर अंगठा जातोच. अंगठ्याला सगळं कळतं, पण आता विचारतं कोण?

या जूनमध्ये शंतनू-शाल्मलीची गाडी आली. सुब्राव ती पुढं घेऊन गेला तर दोघं हार घेऊन उभी.

"अरे काका, तुम्ही पण इकडेच?" शंतनू हसून म्हणाला. "बघा, शेवटी सगळे इथेच येतात."

"व्हय साहेब," सुब्राव म्हणाला आणि चावी दिली.

शंतनू सही करायला आत गेला. शाल्मली गाडीजवळच थांबली. तिनं दार उघडलं आणि हळू लावलं. ते बसलं नाही. तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिनं जोरात ओढलं, तेव्हा पत्रा वाजला आणि दार लागलं. तिनं सुब्रावकडं बघितलं.

सुब्राव फडकं घेऊन काचेवरचा एक डाग पुसत होता. डाग केव्हाच गेला होता.