न कापलेल्या पानांतल्या ओव्या

आटपाडीला माझ्या आत्याच्या घरी एक पुस्तक आहे. दर दसऱ्याला ते पाटावर मांडतात, कुंकू लावतात, झेंडू वाहतात आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवतात. वाचत कुणीच नाही. वाचणार कसं? पानं छापखान्यातून घड्या घालून आली तशीच कडेला जोडलेली. सुरीनं घडी कापल्याशिवाय आतलं दिसत नाही. आणि विद्येला सुरी लावायची नाही, हा आत्याचा नियम. मी दोनदा भांडून पाहिलं, दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

पुस्तक तिच्याच ओव्यांचं. तरुणपणी घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेली की ती जात्यावर गायची, आणि शाळेतले एक गुरुजी येऊन लिहून घ्यायचे. पुढे त्यांनी ते छापलं, तिला एक प्रत दिली आणि आत तुझं नाव आहे म्हणून सांगितलं. तेवढ्यावर तिनं सारा जन्म गावात ताठ मानेनं काढला.

आता ती थकली आहे, दिसतही नाही. धाकटा भाऊ गेला तेव्हा रचलेली ओवी तिला अर्धीच आठवते आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ती झुरते. म्हणून पानं न दुखावता कशी कापावीत हे विचारायला मी सांगलीतल्या एका जुनी पुस्तकं जमवणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवले. ते रविवारी थेट आटपाडीलाच हजर झाले.

हातमोजे घालून त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं, कुंकवाचे डाग बघून हळहळले. मग म्हणाले, इतकी वर्षं कापलं नाहीत हे फार चांगलं केलंत, आता मुळीच कापू नका. न वाचलेली प्रत म्हणूनच हिला मोल. माझं डोकंच फिरलं. जिनं ओव्या रचल्या तिच्यासमोर बसून, तिचाच चहा पीत, हा माणूस त्या कुणी वाचल्या नाहीत याचं कौतुक करत होता.

आत्यानं शांतपणे विचारलं, "कुणी वाचलंच न्हाई तर मोल वाढतं व्हय?"

ते हो म्हणाले.

"मग पोरी, सुरी आण."

भाजीच्या सुरीनं मी घड्या कापल्या. रागाच्या भरात दोन पानं वेडीवाकडी फाटली. गृहस्थ पहिल्याच पानाला उठून गेले. ओवी सापडली. पुरती वाचून दाखवली तेव्हा आत्या रडली, मीही रडले. मग तिनं तिचं नाव वाचायला सांगितलं.

नाव नव्हतं. गुरुजींचं होतं, छापखान्याचं होतं, कागद देणाऱ्याचे आभारसुद्धा होते. तिच्याबद्दल एवढंच, 'एका मेंढपाळ स्त्रीकडून'. गुरुजी हयात असते तर त्यांच्या दारात जाऊन बसले असते मी. क्षणभर खोटं सांगावंसं वाटलं, पण तिच्यापुढे ते जमेना. खरं तेच सांगितलं.

ती म्हणाली, "पेन घे. लिही."

मी तिचं नाव लिहिलं, मागच्या पानावर उमटेल इतकं दाबून. पुस्तक मिटायला लागले तर तिनं माझा हात धरला. "आन् माझ्या जावांचं? आमी तिघी मिळून गायचो."

त्या दोघींच्या हातचं मी लहानपणी कितीदा जेवले होते. त्यांची नावं मला माहीत नव्हती. तिलाच विचारून लिहिली.