नदीची कोरी फळी

फळ्या वर ओढल्या, तर सगळ्याच स्वच्छ. वर शेवाळाचा पातळसा थर होता. तोही अंगठ्याने पुसला की जायचा. खाली लाकूड जसंच्या तसं.

भिकूशेट धक्क्याच्या पायरीवर उभे होते. माल मुंबईला नेणारे मचवे त्यांचे, नवा मचवा बांधायला काढलेला तोही त्यांचाच. त्यांनी एकेक फळी हातात घेतली, नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "तिन्ही सारख्या. मग मुंबईच्या टिनला पैसे कशाला घालू? भागाबाय, नव्या मचव्याला तुमचाच लेप."

पेंटचा एजंट वागळे वाकून आपली फळी पुन्हा पुसू लागला. माझ्याबरोबर लेपाचं काम करणारी रखमा मात्र मागून मला कोपराने ढोसत होती. आमचं काम टिकलं होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता हा लेप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत. तिथे बोट म्हणजे हाताचं बोट, दुसरी बोट कुणी पाहिलेली नाही. लग्न होऊन महाडला सावित्रीकाठच्या बंदरावर आले आणि सासूच्या हाताखाली लेप शिकले. उंडीच्या बियांचं तेल कढवायचं, त्यात राळ विरघळवायची, मग चाळलेला चुना घालून घोटायचं. पळीवरून जाड धारेने पडलं की झालं. मचवा ओहोटीला कलता करायचा, बूड खरवडायचं, आणि हा लेप हाताने आणि काथ्याच्या कुंच्याने चोपडायचा. हाताची राळ नुसत्या पाण्याने निघत नाही. आम्ही बायका काम संपलं की जवळच्या सव गावाला जायचो, तिथल्या कढत कुंडाच्या पाण्यात हात धरून बसायचो. निम्म्या गावाच्या बातम्या तिथेच कळायच्या.

लेप कशासाठी? तर समुद्राच्या पाण्यात लाकडाला दोन शत्रू. एक शिंपले. ते बुडाला बाहेरून चिकटतात, बूड खडबडीत होतं आणि मचवा जड चालतो. दुसरा किडा. हा मऊ, गांडुळासारखा. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत लाकूड खात जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. मग एक दिवस लाट लागते आणि फळी पापडासारखी मोडते.

भिकूशेटचा जुना मचवा असाच गेला होता, हिरड्याच्या गोण्या घेऊन मुंबईला जाताना. त्यावर तांडेल होता माझा धाकटा भाऊ सखाराम, माझ्यामागोमाग बंदरावर आलेला. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य, सुकाणू त्याच्या हाती. माणसं वाचली, दुसऱ्या मचव्याने उचलली. पण सखाराम घरी आला तेव्हा त्याच्या खिशात बुडाच्या फळीचा तुकडा होता. मी तो दाबला तर हातात भुसा आला. त्या बुडाला लेप माझाच होता.

म्हणून शेटनी नव्या मचव्याच्या वेळी मुंबईहून पेंटचा एजंट बोलावला. वागळे चांगला माणूस. टोपी, कोट, पायात बूट, आणि चिखलात उतरायला मागेपुढे बघायचा नाही. त्याने लाल पेंटचं टिन उघडून दाखवलं. म्हणाला, "यात तांबं आहे. ते हळूहळू पाण्यात उतरत राहतं. शिंपल्याला, किड्याला ते विष."

शेट म्हणाले, "बोलणं सगळ्यांचंच गोड असतं. माझ्या डोळ्यांसमोर टेस्ट करा."

टेस्ट अशी ठरली. मचव्याला जे सागवान लागलं होतं त्याच्याच फळ्या कापायच्या. एकीला लाल पेंट, एकीला डांबर, एकीला माझा लेप. दसरा झाला की धक्क्याखाली पाण्यात टांगायच्या आणि मार्गशीर्ष सरताना काढून बघायच्या. जे टिकेल ते मचव्याला. लेप हरला तर बायकांचं काम बंद, हे शेटनी आधीच सांगितलं होतं. त्यात लपवाछपवी नव्हती.

फळ्या टांगायच्या दिवशी मचवा बांधणारे धोंडबा मेस्त्री चौथी फळी घेऊन आले. कोरी. तेल नाही, रंग नाही, नुसतं हळदकुंकू.

वागळे म्हणाला, "हे कुठल्या कंपनीचं सॅम्पल?"

"ही नदीची," मेस्त्री म्हणाले.

"नदीला पेंट विकायचाय का मेस्त्री?"

"तुमी हसा. नवं लाकूड सावित्रीत घालायचं तर पयली फळी तिची. कोरी. मचवा तरंगला की मग काढायची. माझा बाप घालायचा, मी घालतो."

ही आमच्या बंदरावरची रीतच होती. समुद्रावरून आलेला मचवा महाडला काही दिवस थांबला की बुडाचे शिंपले आपोआप गळून पडायचे. आम्ही म्हणायचो, नदीमायने धुतलं. ती धुते म्हणून तिला फळी. वागळेने हसत हसत स्वतःच ती फळी दोराला बांधली.

तर आता मी सुरुवातीला सांगितलं तिथे या. फळ्या वर आल्या, तिन्ही स्वच्छ निघाल्या, शेट निकाल देऊन पेढीवर गेले. वागळे ब्रश पुसत बसला. मेस्त्री म्हणाले, "भागाबाय, नदीची फळी दोर सुटून चिखलात रुतलीय का बगा जरा. मचवा तरंगेपर्यंत ती तितंच पायजे."

मी खाली उतरले. फळी दोरालाच होती. गाठ घट्ट करायला म्हणून वर उचलली.

ती पण स्वच्छ.

एक शिंपला नाही. एक भोक नाही. मुठीने ठोकून पाहिली, आवाज टणक. जिला काहीच लावलं नव्हतं तीही तितकीच चांगली राहिली होती. म्हणजे पेंटने काही केलं नव्हतं, डांबराने नव्हतं आणि माझ्या लेपानेही नव्हतं.

भरती चढत होती. पाणी पोटरीपर्यंत आलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड. चांगलं पिण्यासारखं गोड.

आता बघा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस महाडला भरती येते ती गोड्या पाण्याची. खालून समुद्र ढकलतो आणि नदीचंच पाणी वर चढतं. तिथे बायका हंडे भरतात. शिंपला आणि किडा दोन्ही खाऱ्या पाण्यातले, गोड्यात ते जगत नाहीत. पण भरती-ओहोटी येते म्हणून आमच्या तोंडी खाडी हाच शब्द. आणि खाडी म्हटलं की खारी, हे डोक्यात पक्कं. हंडा भरताना गोडी, टेस्ट घेताना खारी. नदीमाय धुते म्हणणारे आम्हीच, आणि तिने फळ्या धुतल्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी रखमाला बाजूला घेऊन सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"काय गो भागे, तुला फळी कुणी उचलायला सांगितली?"

"मेस्त्रीनी."

"मग मेस्त्रीलाच बगू दे. तू तोंड मिटून ठेव. शेट लेप म्हणाले, लेप. आपल्या चौघींच्या चुली हायत त्याच्यावर."

"आणि मचवा?"

"मचव्याला वरसानुवरस लेपच लावलाय ना?"

"लावलाय. गेल्या खेपेला काय झालं?"

रखमा पदर झटकत म्हणाली, "सखाराम तुझा भाऊ हाय म्हणून तुला पुळका. दुसरा तांडेल असता तर गप बसली असतीस."

तिचं म्हणणं खोटं होतं असं मी सांगू शकत नाही. दुसरा असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. तांडेल सखारामच होता.

मी कोरी फळी घेऊन पेढीवर गेले. वागळे तिथेच निरोप घ्यायला आला होता. मी फळी शेटच्या गादीसमोर ठेवली.

"ही काय?"

"नदीची फळी. हिला काय लावलेलं नाय."

शेटनी उलटसुलट केली. "मग? चांगली आहे."

"तेच सांगते. कोरी पण चांगलीच ऱ्हायली. मग आमच्यातलं चांगलं कोण, ते कसं कळलं? पाणी गोडं हाय शेट. तुमचा मचवा बाणकोटच्या खाली खाऱ्यात चालणार."

शेट माझ्याकडे बघत राहिले. "भागाबाय, तुम्ही जिंकलात ना? मग हे कशाला उकरता?"

"जिंकले नाय. सगळ्या पोरांना शंभरातले शंभर दिले तर पयला नंबर कुणाचा?"

वागळे एकदम हसला. मग त्याने फळी उचलली आणि हसायचा थांबला. "शेट, बाईंचं बरोबर आहे. टांगतानाच मला सुचायला पाहिजे होतं. ही फळी मी माझ्या हाताने बांधलीय."

शेट कुरकुरले. पुन्हा फळ्या, पुन्हा वाट बघणं, मचवा पाडव्याला पाण्यात घालायचा ठरलेला. शेवटी म्हणाले, "शिमग्यापर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही."

नव्या फळ्या कापल्या. सखारामने त्या पडावातून खाली नेल्या. पडाव म्हणजे नदीतल्या नदीत माल नेणारी बसकी होडी. बाणकोटला खाडीच्या तोंडाशी त्याच्या ओळखीच्या एका नाखव्याचा धक्का होता, तिथे टांगायच्या होत्या. निघताना वागळे काठावरून ओरडला, "मेस्त्री, नदीची फळी दिली का?"

मेस्त्री म्हणाले, "आता तुमालाच तिची काळजी!"

"तिच्याशिवाय टेस्ट नाही हो. ती पहिली बांधा."

शिमग्याला मुंबईकर घरी येतात. बंदरावर गर्दी. त्या गर्दीत सखारामने फळ्या आणल्या आणि धक्क्यावर ओळीने मांडल्या. शेट आले, मेस्त्री आले, रखमा माझ्या मागे.

कोरी फळी आधी. शिंपल्यांनी भरून गेली होती, लाकूड दिसेना. मेस्त्रींनी ती गुडघ्यावर धरून दाबली. मोडली. आत चाळण. एका बिळातून किडा लोंबत होता, तो बघून मुंबईहून आलेला कुणीतरी म्हणाला, "अरे, ही तर शेवई!"

डांबराची फळी दुसरी. डांबर टवके पडून उडालं होतं, जिथे उडालं तिथे शिंपले आणि भोकं.

मग माझी. लेप जागेवर होता. पण कडेने शिंपले धरलेले, आणि जिथे लेप पातळ पडला होता तिथे भोकं. मेस्त्रींनी टोकदार तासणी घालून फोडली. किडा आत शिरला होता. फार खोल नाही, पण शिरला होता.

लाल फळीवर नुसतं बुळबुळीत शेवाळ. वागळेने पुसलं. मेस्त्रींनी फोडली. आत सागवान कोरं करकरीत.

शेटनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "टिन मागवा."

रखमा पाठ फिरवून चालती झाली. तिला हाक मारायची माझी छाती झाली नाही.

वागळेने फुशारकी मारली नाही. म्हणाला, "बाई, पेंट चोपडायला मुंबईहून माणूस आणू का?"

"का? आमच्या हातांना काय झालंय?"

"हा लेपासारखा नाही चालत. लाकूड वाळलेलं पाहिजे. तांबं टिनच्या तळाला बसतं, ते सारखं ढवळावं लागतं. नाही ढवळलं तर वरचं नुसतं तेल लागतं."

"जन्मभर चुना ढवळलाय मी."

पाडव्याच्या आधी मचव्याला लाल कोट आम्हीच दिला. एक बाई ढवळायला, बाकीच्या लावायला. रखमाही आली. तोंड फुगवून, पण आली. ब्रश हातात धरून म्हणाली, "हा घे तुझ्या सत्यनारायणाचा प्रसाद. आणि राळ नाय म्हणजे आता सवला जायचं काय कारण सांगायचं?"

राहिला लेप. शेटचा हिशेब साधा. समुद्रावरच्या मचव्यांना टिन. नदीतल्या पडावांना एवढं महाग पेंट कशाला, तिथे वर्षातले कितीतरी महिने नदीच राखण करते. त्यांना लेप. म्हणजे आमचं काम अर्धं राहिलं आणि अर्ध्याला हातात ब्रश आला. रखमाने हे मला पुढे कैक वर्षं ऐकवलं, अर्धं गेल्याचं. राहिल्याचं कधी बोलली नाही.

तो मचवा मृगाआधी वर आला. चिखलात कलता केला तेव्हा सखाराम सगळ्या बुडावर मूठ आपटत फिरला. एकेका फळीवर. सगळीकडे टणक आवाज. शेवटच्या फळीशी थांबून मला म्हणाला, "ताय, जेवायला काय केलंयस?"

मी अक्षरं उशिरा शिकले, मुलाच्या पाटीवर. शाळा नाही म्हणून मोठं ज्ञान सांगायला मी बसलेले नाही. पण कुणी दारात येऊन साबण दाखवतो, कुणी खत, कुणी गुडघ्याचं तेल. म्हणतो, बघा आजी, आमचं लावलं आणि केवढा गुण आला. मी सगळं ऐकून घेते, चहा पाजते आणि मग विचारते, "बरं. आणि कोरी फळी कुठाय?"