माघारीचा गुलाल

आज शिरूरच्या तहसील कचेरीसमोर गुलालाचा वास आला आणि मी दाराबाहेरच थांबले.

कॉलेजात असताना मी इथेच आईसोबत आले होते. ती ग्रामपंचायतीला उभी होती. वडील रडकुंडीला आले होते. "अगं, घे अर्ज मागं. बागायतदारांनी कामाला बोलवायचं बंद केलं तर खायचं काय आपण?"

आईने माघारीच्या अर्जावर सही केली. निवडणूक बिनविरोध झाली म्हणून त्याच बागायतदारांनी तिला शाल पांघरली, कपाळभर गुलाल फासला. तिचे डोळे लालभडक झाले. तेव्हा मला वाटलं, डोळ्यांत गुलाल गेला असेल.

आज अर्ज माझा आहे. नवरा हात जोडतोय, "पाया पडतो तुझ्या, घे मागं."

मी अजून आत गेलेलेसुद्धा नाही आणि टेम्पोतून गुलालाची पोती उतरू लागली आहेत.