बकरीचोर आणि फाट्यावरची नाकाबंदी

तो बाजाराचा दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात ठाणेदार म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. सकाळची हजेरी घेऊन प्रलंबित गुन्ह्यांच्या फायली चाळत होतो, तेवढ्यात शोध पथकाच्या लोकांनी एका तरुणाला आत आणलं. मागोमाग त्याचा पिकअप आवारात येऊन थांबला. पिकअपमध्ये बकऱ्या होत्या. पथकाचा हवालदार खुशीत होता. "साहेब, बकरीचोर सापडला," म्हणाला.

त्या दिवसांत आमच्या हद्दीत बकऱ्या चोरीला जात होत्या. गोठ्यातून नव्हे, भर दिवसा रस्त्याच्या कडेला चरताना. बकरीचोरी म्हटलं की शहरातला माणूस हसतो. आमच्याकडे मात्र बकरी म्हणजे बाईच्या हातातली हक्काची मिळकत. नवरा विचारत नाही, सासू विचारत नाही. मुलगी कॉलेजात घालायची किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचं, तर बाई बकरी विकून मोकळी होते. तक्रारदारांमध्ये एक एकटी राहणारी म्हातारी होती. तिच्या सगळ्याच बकऱ्या एका दुपारी गेल्या होत्या. ती रोज ठाण्यात येई, कुणाला काही न विचारता बाकावर बसे आणि परत जाई. न बोलणारा तक्रारदार ठाणेदाराला फार जड जातो.

आदल्या दिवशी ठाण्याच्या मोबाइलवर खबर आली होती. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. बंजारा तांड्यावरचा एक पिकअपवाला चोरीच्या बकऱ्या बाजारात नेतो, उद्या राळेगावच्या रस्त्याने जाईल, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. खबर सविस्तर होती, गाडीचा रंगही बरोबर होता. त्याप्रमाणे फाट्यावरच्या बाजारदिवसाच्या नाकाबंदीत पिकअप अडवला गेला. तोही बाजाराला निघालेल्या सगळ्या लोकांसमोर.

मी तरुणाला समोर खुर्चीवर बसवलं. तो बसायला तयार नव्हता, त्याला दोनदा सांगावं लागलं. बकऱ्या कुणाच्या, असं विचारल्यावर त्याने एकेका बकरीचं घर सांगितलं. सगळ्या तांड्यावरच्याच होत्या. तो भाड्याने माल नेणारा. मी त्या भागाच्या बीट अंमलदाराला तांड्यावर पाठवलं. दुपारपर्यंत त्याने सगळ्या घरांत विचारपूस केली. एकही बकरी चोरीची नव्हती.

तेवढ्यात दुसरी बातमी आली. हा तरुण माझ्यासमोर बसलेला असतानाच रस्त्यालगतच्या एका गावातून दोन बकऱ्या उचलल्या गेल्या होत्या.

मी त्याला जायला सांगितलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, दर बाजारी मले थांबवता. मी थांबतो. कागद मांगता, कागद दाखवतो. पण माह्या मांगं ज्या गाड्या राह्यते, त्या काहून थांबवत नाई?"

हवालदार त्याच्यावर खेकसणार होता. मी त्याला गप्प केलं. प्रश्न सरळ होता. अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं, यासाठीच तर पगार मिळतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी साध्या कपड्यांत फाट्यावरच्या चहाटपरीत जाऊन बसलो. ठाण्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. समोर माझीच माणसं नाकाबंदी करत होती. तांड्यावरच्या बाया ज्यात दिसत, ती प्रत्येक गाडी बाजूला घेतली जाई. निळा झेंडा लावलेल्या मोटारसायकली बाजूला. दाढीवाला बाजूला. धुळकट कपड्यांतले मजूर बाजूला. त्यांच्या पिशव्या उघडल्या जात, भाकरीचं फडकंसुद्धा सोडून बघितलं जाई. त्याच वेळी धुतलेल्या मोटारी, काळ्या काचा असल्या तरी, हाताच्या इशाऱ्याने पुढे जात होत्या. एका गाडीला तर हवालदाराने सलाम ठोकला. गाडीत पुढे इस्त्रीच्या शर्टातला माणूस आणि शेजारी चांगल्या साडीतली बाई होती.

माझी माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तो हवालदार कामाला वाघ होता, लाच खाणारा नव्हता, आणि अपघातात जखमींना स्वतःच्या खांद्यावरून उचलून नेताना मी त्याला पाहिलं आहे. पण संशय कुणावर घ्यायचा हे त्याला कधी ठरवावं लागलं नव्हतं. आधीच्यांनी ठरवून ठेवलं होतं, तो चालवत होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीत मी नवा आदेश दिला. चोरीचा माल चारचाकीतून जातो, एवढीच आपल्याला खात्रीची माहिती आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याने जाणारी प्रत्येक चारचाकी थांबेल. माणूस कोण, कुठला, कसा दिसतो, हे बघायचं नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, आणि सगळ्यांना "आपण" म्हणायचं. गाडीची मागची बाजू बघायची आणि सोडायचं. दुचाकीवाल्यांच्या भाकरीची फडकी सोडून बघायची नाहीत, कारण भाकरीच्या फडक्यात बकरी मावत नाही. यावर थोडं हसू झालं आणि वातावरण सैल झालं.

हवालदार मात्र हसला नाही. हजेरीनंतर खोलीत आला. "साहेब, एवढी नोकरी झाली माही. माणूस पाह्यला की मले समजते. सगळ्याच गाड्या थांबवल्या तर चोर पळून जाईन."

मी त्याला विचारलं, इतके दिवस त्याला समजतंय, मग किती चोर सापडले? मी पुढे ताणलं नाही. हाताखालच्या माणसाला चारचौघांत हरवायचं नसतं, आणि खोलीत हरवलं तरी दार उघडताना त्याचा चेहरा सावरू द्यायचा असतो.

पहिल्याच दिवशी माझा फोन तापला. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याची गाडी थांबवली होती. एका डॉक्टरांना उशीर झाला होता. एका कंत्राटदाराने तर विचारलं, "आम्ही काय तांड्यावरचे वाटलो का तुम्हाला?" मी त्यांना शांतपणे सांगितलं की तांड्यावरचेही तुमच्यामागेच रांगेत उभे आहेत आणि त्यांनी तक्रार केलेली नाही. गोष्ट वरिष्ठांपर्यंत गेली. साहेबांनी फोनवर माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रांग लवकर हलवा, बाकी चालू ठेवा." वरिष्ठ असे असले की ठाणेदाराचं निम्मं काम होतं.

त्याच्या पुढच्या बाजारी मी स्वतः नाक्यावर उभा राहिलो. ऊन चढलं होतं. पांढरी, काळ्या काचांची एक मोटार रांगेत आली. सलाम मिळालेली तीच गाडी, तेच जोडपं. माणसाने काच अर्धी खाली घेतली आणि शुद्ध मराठीत म्हणाला की ते देवदर्शनाला निघाले आहेत. हवालदाराचा हात सवयीने पुढे जा म्हणायला उठला आणि त्याने तो स्वतःच खाली घेतला. "साहेब, आपल्या गाडीची मागची बाजू दाखवा," तो म्हणाला. त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला.

काच खाली आली तेव्हाच आतून अत्तराचा घमघमाट आला होता. एवढं अत्तर लग्नाच्या गाडीतही कोणी शिंपडत नाही. बाई म्हणाली, मागे सामान आहे, किल्ली अडकते. नाक्यावरची आमची महिला शिपाई दुसऱ्या बाजूने गेली आणि तिने मागचं दार ओढलं. मागच्या बाकाची जागा रिकामी होती. बाक काढूनच टाकला होता. खाली पोत्यावर चार बकऱ्या, तोंडं फडक्याने बांधलेली. पहिलं काम तिने त्यांची तोंडं सोडण्याचं केलं आणि सगळा फाटा बकऱ्यांच्या ओरडण्याने भरून गेला.

जागेवरच पंचनामा केला आणि दोघांना ठाण्यात आणलं. बाईला महिला शिपायासोबत दुसऱ्या खोलीत बसवलं. चौकशीचा माझा एक नियम होता: सुरुवात गुन्ह्यापासून करायची नाही. मी त्या माणसाला पाणी दिलं, कोणत्या देवाला निघाला होता ते विचारलं. तो खुलला. म्हणाला, नवस फेडायचा होता, म्हणून बकऱ्या विकत घेतल्या.

"नवसाला बोकड लागतो," मी म्हणालो. "या तर साऱ्या बकऱ्या आहेत. आणि त्यांतली एक गाभण आहे. गाभण बकरी कोणत्या देवाला चालते?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. दुसऱ्या खोलीत बाई सांगत होती की बकऱ्या तिच्या माहेरून भेट मिळाल्या. दोघांची उत्तरं एकमेकांसमोर ठेवली आणि मग बोलायला वेळ लागला नाही. बाई गाडीतून उतरून राखणदाराला पत्ता विचारत गुंतवायची, माणूस पलीकडून बिस्किटं दाखवून बकऱ्या गाडीजवळ आणायचा. माल वणीकडच्या एका खरेदीदाराला जायचा. पुढे त्यालाही अटक झाली.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. गाडीच्या झडतीत दोन मोबाइल मिळाले होते आणि ते माझ्या टेबलावर पंचांसमोर ठेवलेले होते. पिकअपची खबर ज्या नंबरवरून आली होती, तो नंबर मी ठाण्याच्या मोबाइलवरून लावला. टेबलावरचा एक फोन वाजू लागला. हवालदार त्या वाजणाऱ्या फोनकडे पाहत राहिला.

मी त्या माणसाला विचारलं, त्या तरुणाशी काही वैर होतं का? तो म्हणाला, नाही, ओळखसुद्धा नाही. "आम्ही दर बाजाराच्या दिवशी त्या नाक्यावरून जात होतो. तुमचे लोक कोणाला थांबवतात ते दिसत होतं. आम्हाला कधीच थांबवलं नाही. मग तुम्हाला जो हवा होता, तोच सांगितला."

एवढ्या वर्षांत अनेक आरोपींचे जबाब मी ऐकले. पोलिसांवर इतका नेमका शेरा कुणी मारला नाही.

कोर्टाचा आदेश येईपर्यंत बकऱ्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात होत्या. त्यांना चारा कोण घालणार यावर ड्युटी लावावी लागली, आणि एकीने आमच्या नोटीस बोर्डावरचा कागद खाल्ला. खरेदीदाराकडूनही काही बकऱ्या परत मिळाल्या. ओळख पटवायला तक्रारदारांना बोलावलं. ती गप्प बसणारी म्हातारी आली, कुंपणाशी उभी राहिली आणि हाक मारली, "चंद्रे, ये व माय." फाटक्या कानाची एक बकरी सगळ्यांना ढकलत तिच्याकडे धावली. म्हातारीने तिच्या मानेला मिठी मारली आणि मग आमच्याकडे पाहून पहिल्यांदा बोलली, "वाळली हो लेकरू." सुपूर्दनाम्यावर तिचा अंगठा घेताना आमच्या लेखनिकाला दोनदा चष्मा पुसावा लागला.

एक काम उरलं होतं. त्या तरुणाचा साखरपुडा ठरला होता आणि बाजाराच्या रस्त्यावर पोलिसांनी पकडून नेल्याची गोष्ट मुलीकडच्यांपर्यंत पोहोचली होती. त्यांनी बोलणी थांबवली होती. हे मला बीट अंमलदाराकडून कळलं. निर्दोष सुटला, सोडून दिला, हे आमच्या कागदावर पुरतं. गावात पुरत नाही. जो चारचौघांत पकडला जातो, त्याला चारचौघांतच मोकळं करावं लागतं.

मी हवालदाराला विचारलं, येतोस का? तो गणवेश नीट करून गाडीत बसला. तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या घरासमोर माणसं जमली होती. मुलीचे वडील आणि मामाही बोलावलेले होते. मी उभं राहून काय घडलं ते सांगितलं: खबर खोटी होती, ती खऱ्या चोराने दिली होती, आणि हा तरुण निर्दोष होता. मग मला न विचारता हवालदार पुढे झाला. त्या तरुणाकडे पाहून म्हणाला, "मीच पकडलं होतं याले. माही चूक झाली." एवढंच बोलला आणि मागे सरला. शेवटचे तीनच शब्द, पण त्याच्या छातीवरच्या फितींपेक्षा ते मिळवायला त्याला जास्त कष्ट पडले असतील.

मुलीच्या मामाने तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हणजे पोलिसानं लिहून देल्लं तर चालन?" सगळे हसले. मी म्हणालो, लिहून देतो. पण वडील म्हणाले की ऐकलं तेवढं पुरे. तरुणाची आई, तिला तो याडी म्हणत होता, चहा घेऊन आली. पहिला कप तिने हवालदाराला दिला.

निघताना तरुण गाडीपर्यंत आला. मी त्याला म्हणालो, आता तुला कोणी थांबवणार नाही. त्याने मान हलवली. "तसं नोका करू साहेब. थांबवा. मी थांबीन. फक्त रांगेत थांबवा, सगळ्याइच्या संगं."

पुढे माझ्या प्रत्येक ठाण्यात मी नव्या शिपायांना ही गोष्ट सांगत आलो. पोलिसाला संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय काम होत नाही. पण संशयाला कारण लागतं, आणि माणसाची जात, कपडे, बोली किंवा वस्ती हे कारण नव्हे. कुणाला थांबवलंत तर का थांबवलं, हे त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर हात खाली घ्या. यात दयामाया नाही. हे तपासाचं साधं गणित आहे. ज्याच्याकडे आपण बघत नाही, तो आपल्याला नीट बघत असतो.

मी बदलून जाण्याआधी त्या तरुणाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला तो ठाण्यात आला, तेव्हा मी बंदोबस्तावर होतो. परत आल्यावर कळलं, पत्रिका त्याने माझ्या नव्हे, हवालदाराच्या नावाने दिली होती. हवालदार सहकुटुंब गेला.