अक्काचे मानपान

"कुणाचा मान द्यायचा राहायला नको," असं म्हणत अक्का पदर खोचायची आणि कीबोर्ड बडवायला लागायची. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने हळू टाइप करावं, हे तिला मान्यच नव्हतं.

नव्वदीच्या दशकात जळगावात आमचं छोटंसं कॉम्प्युटर ऑफिस होतं. अक्का धुळ्याची. वयाने आमच्याएवढीच, पण थोरल्या बहिणीसारखी ओरडायची, म्हणून अक्का. तिच्या घरच्या लग्नांत मानपान बघायचं काम तिच्याकडे. कुणाला टॉवेल-टोपी द्यायची राहिली की तो मांडवातून रुसून उठतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे आमच्या ऑफिसात चहावाल्यालाही ती आधी खुर्ची द्यायची. तो बिचारा किटली मांडीवर घेऊन बसायचा आणि आम्ही गार चहा प्यायचो.

केळी उत्पादकांच्या एका सोसायटीचा प्रोग्राम ती एकटी करत होती. कारकुनाने पडद्यावर हवं ते निवडायचं आणि डेटाबेसला विचारायची क्वेरी प्रोग्रामनेच तयार करायची. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, सोसायटीच्या संचालकांसमोर प्रोग्राम चालला तर राहा, नाहीतर माझ्याबरोबर घरी चल. धुळ्यात एका शाळेत टायपिस्टची जागा त्यांनी बोलून ठेवली होती. ती जागा अक्काला नको होती. ती तसं म्हणायची नाही, पण आम्हाला दिसत होतं, तुम्हालाही दिसलं असतं.

ठरल्या दुपारी संचालक आले, आणि धुळ्याच्या बसने वडीलही आले. धोतर सावरून कोपऱ्यात बसले. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते म्हणाले, "शेतकऱ्यांच्या कोणत्या ग्रुपने किती माल दिला, ते दाखव."

अक्काने कळ दाबली. पडद्यावर उत्तर आलं, 'सम' नावाचा रकाना सापडत नाही.

झालं होतं असं. 'ग्रुप' नावाच्या रकान्यावर क्वेरी आधी अडली होती. डेटाबेसच्या भाषेत तो शब्द म्हणजे हुकूम. रकान्याचं नाव म्हणून तो वापरायचा तर अवतरणचिन्हांत घालावा लागतो. मग एकाला चिन्हं आणि दुसऱ्याला नाही, हे अक्काला कसं पटावं? तिने त्याच सकाळी सगळ्या रकान्यांना चिन्हं चढवली आणि त्या भरात बेरीज करणाऱ्या 'सम'लाही. चिन्हांत बसलेलं 'सम' बेरीज करेना. डेटाबेस त्याला रकाना समजून शोधत बसला.

नाना म्हणाले, "आपला कारकूनच बरा."

अक्का पडद्याकडे बघत राहिली. मग तिने वळून वडिलांना अहिराणीत विचारलं, "आबा, आचारीले पंगतमा बसाडं, त काय व्हई?"

आबा गोंधळले, पण लग्नकार्यातला प्रश्न म्हटल्यावर उत्तर तयार होतं. "लोके उपाशी उठतीन."

"तेच झालंय," अक्का म्हणाली आणि हसत कीबोर्डवर तुटून पडली. रकाने पाहुणे, त्यांचा मान ठेवायचा. 'सम'सारखे शब्द राबणारे, त्यांना मोकळं सोडायचं. कोण पाहुणा आणि कोण राबणारा, एवढंच तिने प्रोग्रामला शिकवलं. संचालकांचा चहा व्हायच्या आत प्रिंटर करकरायला लागला. नानांनी कागद वर धरून ग्रुपवार वजनं वाचली. सगळं जुळलं. "मशीन ठेवू या आपण," ते म्हणाले, आणि अक्काने टेबलावर अशी थाप मारली की कपबशा वाजल्या.

पुढे तिने स्वतःचं ऑफिस काढलं आणि आमचं ऑफिस फार शांत झालं. ती शांतता मला कधी आवडली नाही.

पण मला आठवतो तो त्या संध्याकाळचा बस स्टँड. आबा धुळ्याच्या गाडीत चढले. पहिल्या फटक्यात चाललं नाही ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मागोमाग अक्काही निमूटपणे पायरीवर चढली, तर इथेच राहा म्हणून त्यांनी दारातच हात आडवा केला. "मी जास. तुनं काम आठेच शे."

गाडी गेली. धुरळ्यात ती एकटीच उभी राहिली. मागे राहिलेलं इतकं आनंदी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.